छावणीची संध्याकाळ : युद्धकाळात सुट्टीतला शिपाई कुठे जायचा आणि त्याची किंमत कोण मोजायचं

नागपूरजवळच्या कामठीचं नाव निघालं की आपल्याकडे बहुतेकांना गार्ड्‌स रेजिमेंटचं केंद्र आठवतं, पुलगाव म्हटलं की दारूगोळ्याचा डेपो. या गावांच्या आसपास ज्यांची वावरं आहेत त्यांना सकाळचं बिगूल, फायरिंग रेंजचा आवाज आणि तारेचं कुंपण चांगलं ओळखीचं असतं. पण छावणीचा दिवस मावळल्यावर काय व्हायचं, विशेषतः दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत, यावर आपण बोलत नाही. बोललोच तर आवाज खाली करून, ‘तिकडे वाईट धंदे चालायचे’ एवढंच. या एका वाक्याने बराच अन्याय होतो. ती सगळी व्यवस्था कोणी उभी केली हे झाकलं जातं, आणि जिच्या हातात काहीच नव्हतं त्या बाईच्या माथी दोष बसतो. म्हणून हा विषय नीट उलगडून पाहू.

थोडं मागे जावं लागेल. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, नागपूरकर भोसल्यांची सत्ता इंग्रजांच्या मुठीत गेली आणि १८२१ साली कन्हानच्या काठावर कामठीची छावणी वसली. इथली फौज मद्रासच्या सैन्यातून यायची. कामठीत आजही तेलुगू आणि तमिळ घरं भेटतात, त्याचं मूळ तिथे आहे. फौजेबरोबर बाजारही आला. गोरा बाजार हे नाव अजून टिकून आहे. आता लक्षात घ्यायची गोष्ट अशी की, हा बाजार गावाशेजारी आपसूक वाढलेला नव्हता. छावणीच्या हद्दीत दुकान कोणी लावायचं, कोणी राहायचं, कोणाला हद्दीबाहेर काढायचं, हे लष्करी अधिकारी ठरवत. म्हणजे छावणीच्या रात्रीला पहिल्यापासून मालक होता.

१९३९ साली हिंदी सैन्यात सुमारे दोन लाख माणसं होती. १९४५ पर्यंत ती पंचवीस लाखांच्या घरात गेली. एवढी माणसं सक्तीने आणलेली नव्हती, भरती होऊन आलेली होती, आणि प्रत्येकाला कुठेतरी शिकवून तयार करायचं होतं. १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंट उभी राहिली. तिची पहिली पलटण बेळगावात आणि दुसरी कामठीत उभारली गेली. पहिल्या महायुद्धातली १११ वी महार पलटण १९२१ साली मोडली होती, त्यानंतर वीस वर्षं हे दार बंद होतं. ते उघडल्यावर आलेल्या तरुणांसाठी छावणी म्हणजे पगार होता, बूट होते आणि नावापुढे लागणारा हुद्दा होता.

पुढे १९४२ मध्ये ब्रह्मदेश हातचा गेला. जंगलात लढणं आपल्या फौजेला येत नाही हे उघड झालं, आणि १९४३ मध्ये चौदाव्या डिव्हिजनचं रूपांतर प्रशिक्षण डिव्हिजनमध्ये करून तिला छिंदवाड्याला बसवलं. छिंदवाडा तेव्हा आपल्याच मध्य प्रांतात, नागपूरहून नॅरोगेजने जायचं गाव. रेजिमेंटच्या केंद्रात तयार झालेला रंगरूट तिथे दोन महिने सातपुड्याच्या जंगलात घासून काढायचा आणि मग पूर्वेला रवाना करायचा, अशी रीत होती. थोडक्यात, नागपूरच्या उत्तरेच्या या पट्ट्यात ती दोन-तीन वर्षं सतत अठरा-वीस वर्षांची पोरं येत-जात होती, आणि आपल्याला कुठे पाठवणार आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पास, बिगूल आणि पाटी

नव्या रंगरुटाला पहिले काही आठवडे गेटाबाहेर सोडत नसत. पहाटे पीटी, मग कवायत, हत्यारांचे तास, लंगरचं जेवण, दुपारी पुन्हा तेच, संध्याकाळी खेळ. त्यानंतर रात्रीच्या हजेरीपर्यंत जो वेळ उरे तो त्याचा. पुढे पुढे पास मिळे. पास म्हणजे अमुक वेळेपर्यंत बाहेर राहायची लेखी परवानगी. हजेरीला नाव पुकारलं आणि उत्तर आलं नाही की दुसऱ्या दिवशी जादा फटिग म्हणजे अंगमेहनतीची कामं, पाठीवर पिठ्ठू म्हणजे सामानाची पिशवी लावून दौड, फारच झालं तर क्वार्टर गार्डची, म्हणजे पलटणीच्या पहाऱ्याची, कोठडी.

बाहेर पडल्यावरही तो मोकळा नसे. काही गल्ल्या, काही दुकानं, कधी सबंध वस्ती ‘आउट ऑफ बाउंड्स’ म्हणजे शिपायाला मना असे. तशी पाटी लावलेली असे आणि मिलिटरी पोलिसांची गस्त फिरे. मग मुळात बाहेर सोडायचंच कशाला, असं कोणालाही वाटेल. त्याचं उत्तर साधं आहे. घर सोडून आलेला, मरणाच्या विचाराने पोखरलेला तरुण महिनोन्‌महिने कुंपणात ठेवला तर तो पळून जातो, नाहीतर बराकीत मारामाऱ्या करतो. सैन्य चालवणाऱ्यांना हे चांगलं कळत होतं. म्हणून शनिवारची मोकळी संध्याकाळ ही मेहरबानी नव्हती, माणूस कामाला टिकवून धरायची ती तजवीज होती.

ही संध्याकाळ सगळ्यांची सारखी नसायची. गोऱ्या शिपायाला बिअर मिळणारं कॅन्टीन, इंग्रजी सिनेमा, कधी विलायतेहून आलेल्या नाटकमंडळींचा कार्यक्रम. हिंदी शिपायासाठी ‘फौजी दिलखुश सभा’ नावाची करमणुकीची व्यवस्था युद्धात उभी झाली, पण त्याची रोजची संध्याकाळ कुस्ती, कबड्डी, ढोलकीवरची गाणी यांतच जायची. अनेक पलटणींत कोणीतरी पोरगा लुगडं नेसून नाचायचा आणि सगळी बराक भोवती गोळा व्हायची. आपल्याकडच्या खडी गंमत या लोकनाट्यात पुरुषच नाच्या होतो, त्यामुळे झाडीपट्टीतून, म्हणजे पूर्व विदर्भातून, आलेल्या पोरांना यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. आणि पत्रं. लिहिता न येणाऱ्यासाठी लिहून देणारा शोधायचा, त्याला सांगायचं, मग ते पत्र सेन्सॉर वाचणार हे लक्षात ठेवून पुन्हा बदलायचं. सेन्सॉरच्या टिपणांत हिंदी शिपायांच्या पत्रांतला सगळ्यात मोठा विषय कोणता दिसतो? घरचं धान्य, वाढलेले भाव, पैसे पोहोचले की नाही, रजा कधी मिळेल. रात्रीच्या मौजेच्या गोष्टींपेक्षा या काळज्या कितीतरी जास्त होत्या, आणि हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण छावणीच्या पोरांकडे आपण एकाच नजरेने पाहतो.

महार पलटणीतल्या शिपायाचं त्याहून वेगळं. त्या काळात चहाच्या दुकानांत वेगळी कपबशी ठेवण्याची चाल होती. अंगावर वर्दी आणि टोपीवर कोरेगावच्या स्तंभाचं चिन्ह असलेला हा तरुण संध्याकाळी पास घेऊन गावात गेला, की कोणत्या दुकानात बसता येईल आणि कोणत्या विहिरीवर पाणी मिळेल हा प्रश्न त्याच्या वर्दीने सुटत नव्हता. बाबू हरदास एल. एन. यांची कामठी ती हीच. विडी कामगारांना संघटित करणारे आणि ‘जय भीम’ हा नमस्कार रुजवणारे हरदास जानेवारी १९३९ मध्येच गेले होते, पण त्यांनी जागवलेल्या वस्त्या तिथेच होत्या. या शिपायांना परकं न वाटणाऱ्या गल्ल्या कोणत्या असतील, हे त्यावरून समजतं.

पैसा कुठून यायचा, कुठे जायचा

या विषयाचा गाभा पैशात आहे. शिपायाला लंगरचं जेवण, कपडे आणि राहायला बराक मिळे. पगाराचा ठरावीक भाग तो परस्पर घरी पाठवू शके. हातात उरे ती रोकड, आणि ती महिन्याच्या एकाच दिवशी, हजारो जणांच्या हातात. कापूस विकून पैसे घरी आले की आपल्या आठवडी बाजारात जी झुंबड उडते, ती इथे दर महिन्याला उडायची, फरक इतकाच की या ग्राहकाला घर चालवायचं नव्हतं आणि पुढचा महिना तो इथे असेल याची खात्री नव्हती.

अशा ग्राहकासमोर भाव वाढतातच. कोंबडी, अंडी, दूध, तंबाखू, टांग्याचं भाडं, सगळं. गवळ्याला छावणीत दूध घालणं परवडू लागलं की गावातल्या लेकराला ते कमी मिळणार. त्यात युद्धाची महागाई वेगळी. ऑगस्ट १९३९ च्या मानाने १९४३ च्या अखेरीस देशातल्या घाऊक किमती दुपटीच्या वर गेल्या होत्या. चांदीच्या रुपयातली चांदी १९४० मध्ये निम्म्यावर आली, एक रुपयाची नोट परत निघाली, आणि १९४३ मध्ये धातू वाचवायला मध्ये भोक पाडलेला पैसा आला. तो भोकाचा पैसा विदर्भातल्या कितीतरी घरांत अजून जपून ठेवलेला आहे.

छावणीने गावाला काहीच दिलं नाही असं नाही. धोबी, न्हावी, शिंपी, चांभार, टांगेवाला, भाजीवाली, लाकूडफाटा आणणारा, सगळ्यांच्या चुली तिच्यावर पेटत होत्या. छावणीच्या संध्याकाळची बहुतेक उलाढाल ही असली साधी होती. मात्र मोठी कमाई ठेकेदाराची. कॅन्टीन चालवणं, माल पुरवणं, दारूचा गुत्ता घेणं ही कामं मोजक्या लोकांच्या हाती असत, आणि बंडीभर भाजी घेऊन येणाऱ्याला ते म्हणतील तो भाव घ्यावा लागे.

दारूचं थोडक्यात सांगतो. परवान्याच्या दारूवर सरकारला महसूल मिळायचा, मोहाची हातभट्टी त्याला चुकवून चालायची, आणि शिपायाला दोन्हीकडे वाट होती. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने १९३८ साली दारूबंदीचा कायदा केला, पण तो काही भागांपुरताच लागू झाला आणि पुढच्याच वर्षी युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. स्वातंत्र्यानंतर हाच पेच वेगळ्या रूपात सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. मुंबई राज्याने साऱ्यांना दारूबंदी केली आणि फौजेच्या मेस व कॅन्टीनला मात्र सूट दिली, हे समतेला धरून आहे का? १९५१ च्या बलसारा खटल्यात न्यायालयाने कायद्यातल्या काही तरतुदी रद्द केल्या, पण फौजेची सूट कायम ठेवली. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे आणि पुलगावचा डेपो त्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या माणसाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही.

लाल बाजार

आता ज्यावर आवाज खाली जातो त्या भागाकडे येऊ.

इंग्रज फौजेतल्या साध्या शिपायांपैकी फार थोड्यांना लग्न करून बायको सोबत ठेवायची मुभा होती. बाकीच्यांसाठी छावणीच्या बाजारातच बायकांची वस्ती राखायची, हे धोरण होतं. लोक तिला लाल बाजार म्हणत. १८६४ च्या कॅन्टोन्मेंट कायद्याने आणि १८६८ च्या संसर्गजन्य रोग कायद्याने त्याला कायद्याचं रूप आलं. बाईने नाव नोंदवायचं, तिकीट बाळगायचं, ठरल्या दिवशी तपासणीला हजर व्हायचं. रोग आढळला की ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या खास दवाखान्यात बरं होईपर्यंत अडकून राहायचं. असा दवाखाना कामठीतही होता. तपासणी टाळली तर दंड किंवा कैद. गोऱ्या शिपायाची अशी नियमित तपासणी मात्र त्याच्या मानाला धक्का पोहोचतो म्हणून बंद केलेली होती. रोग दोघांमध्ये पसरतो, हे त्या काळच्या डॉक्टरांना माहीत होतं. तरीही कायद्याने एकालाच धरलं.

जून १८८६ मध्ये सरसेनापती रॉबर्ट्‌स यांच्या वतीने एक परिपत्रक निघालं. पलटणींच्या बाजारात बायका पुरेशा असाव्यात आणि त्या दिसायला चांगल्या असाव्यात, अशी सूचना त्यात होती. ते कागद विलायतेत उघड झाले, जोसेफिन बटलर यांच्यासारख्या स्त्रियांनी रान उठवलं आणि १८८८ मध्ये कायदा मागे घेतला गेला. त्यानंतर १८९५ साली हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांत गुप्तरोगासाठी दवाखान्यात दाखल होण्याचं प्रमाण दर हजारी ५२२ वर गेलं, म्हणजे वर्षात हजार शिपायांमागे पाचशेच्या वर दाखले. लष्कराने तोच आकडा पुढे करून १८९७ मध्ये नियम वेगळ्या नावाने परत आणले.

या आकड्याकडे मी पुन्हा पुन्हा पाहतो. शिपायांचा हिशेब दशांशापर्यंत ठेवलेला आहे. त्या बायकांपैकी किती मेल्या, किती बऱ्या होऊन गेल्या, गेल्या तर कुठे, याचा तितका काटेकोर हिशेब कोणी ठेवला नाही. त्या कोण होत्या, याचा अंदाज करता येतो. कोवळ्या वयातल्या विधवा, टाकलेल्या, कर्जात विकल्या गेलेल्या. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाड होरपळून निघाला होता. अशा वर्षी पोट घेऊन छावणीच्या रस्त्याला लागलेल्या बाईला ‘धंदा’ निवडला असं म्हणणं मला पटत नाही.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत उघड लाल बाजार सरकारी कागदावरून गेला होता. वेश्यावस्त्या मना केल्या होत्या, व्याख्यानं होत, पत्रकं वाटली जात. पण सोबतच बाहेरून येणाऱ्या शिपायासाठी रात्री उघडी असणारी प्रतिबंधक उपचाराची खोलीही होती, आणि काही ठिकाणी अधिकारी डोळेझाक करत. हेतू पूर्वीचाच राहिला, शिपाई परेडला उभा राहिला पाहिजे. उपदंशावर तोवर आर्सेनिकची इंजेक्शनं महिनोन्‌महिने घ्यावी लागत. परम्यावर, म्हणजे गनोरियावर, सल्फाच्या गोळ्या नुकत्याच आल्या होत्या. पेनिसिलीन युद्धाच्या शेवटी शेवटी आलं आणि आधी फौजेला मिळालं. आजार लपवणं शिपायासाठी गुन्हा होता, पण उपचार त्याच्या हक्काचा होता. त्याच रोगाने आजारी असलेल्या बाईला, आणि रजेवर गेलेल्या शिपायाच्या गावाकडच्या बायकोला, ते औषध मिळायला बरीच वर्षं जावी लागली. पिंपरीचा सरकारी पेनिसिलीन कारखाना उभा राहिला तो १९५४ मध्ये.

गावाची भीती

छावणीजवळच्या गावांत अंधार पडल्यावर लेकीसुनांना एकटं सोडत नसत. या भीतीला कारण होतं. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ चळवळीत विदर्भातली चिमूर आणि आष्टी ही गावं पेटली. चिमूरला नागपंचमीच्या दिवशी, १६ ऑगस्टला, गोळीबार झाला, सरकारी अधिकारी मारले गेले आणि मागोमाग फौज व पोलीस गावात शिरले. पुरुष पकडून नेलेले, आणि घरांत उरलेल्या स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी बाहेर आल्या. सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी यांनी चौकशीसाठी ६३ दिवस उपवास केला. व्हाइसरॉयच्या कार्यकारिणीत तेव्हा आपल्या यवतमाळचे बापूजी अणे होते, त्यांच्या दारापर्यंत भन्साळी गेले. उपवासाची बातमी छापायला सरकारने मनाई केली आणि निषेध म्हणून ६ जानेवारी १९४३ रोजी देशातल्या अनेक वृत्तपत्रांनी अंक काढला नाही. त्या स्त्रियांना हवी होती तशी चौकशी शेवटपर्यंत झाली नाही.

चिमूर ही छावणीची संध्याकाळ नव्हती, तो दडपणुकीचा हल्ला होता. दोन्ही एकात मिसळायला नको. तरी विषयाशी त्याचा संबंध आहे, कारण शिपायाविरुद्ध तक्रार घेऊन गावकऱ्याने जायचं कुठे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच होता. शिपायाचा न्याय बहुधा त्याच्याच अधिकाऱ्यांपुढे व्हायचा. अधिकारी भला असला तर ऐकायचा. एरवी पोलीस पाटलाला छावणीच्या गेटावर उभं करून परत पाठवायला वेळ लागत नसे.

शोध घ्यायचा असेल तर

युद्ध संपलं, लाखो शिपाई घरी पाठवले गेले, महार रेजिमेंटचं केंद्र पुढे सागरला स्थिरावलं, कामठीत दुसरी केंद्रं आली. त्या वेळचं पाहिलेली माणसं आता नव्वदीच्या पुढे आहेत आणि थोडीच उरली आहेत. तुमच्या घरी कोणी असेल तर सरळ लाल बाजाराबद्दल विचारू नका, उत्तर मिळणार नाही. दुधाचा भाव विचारा. छावणीत दूध कोण घालायचं, पैसे रोख मिळायचे की ठेकेदाराकडून, रेंजसाठी कोणाचं वावर गेलं, मोबदला किती वर्षांनी आला, पगाराच्या दिवशी कोणत्या रस्त्याने बायका पाण्याला जात नसत, कोणत्या दुकानात कोणाला बसू देत. या प्रश्नांवर म्हातारी माणसं तासन्‌तास बोलतात आणि बाकीचं त्यातूनच निघतं. त्याच्या जोडीला जुने जिल्हा गॅझेटियर आणि नागपूरच्या पुराभिलेखागारातले छावणीचे कागद चाळा. दवाखान्याचे अहवाल वाचताना खर्चाचा रकाना आधी पाहा, बायकांना डांबून ठेवण्यावर काय लागलं आणि औषधावर काय, ते तिथे दिसतं. आणि एखाद्या बाईचं नाव हाती लागलंच, तर ते छापू नका. तिची पणतवंडं बहुधा त्याच गावात राहत असतील.